बियाण्याला ऊन

१९८७ च्या दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात संगणक आला, तेव्हा त्याला बघायला जितकी माणसं आली तितकी मी नोकरीला लागलो तेव्हा मला बघायला आली नव्हती. यात तक्रार काही नाही. संगणक कायम होता, मी हंगामी होतो. त्याच्यासाठी खोलीला नवा रंग, नवा पडदा आणि थंड हवेचं यंत्र मंजूर झालं होतं, आणि माझ्यासाठी त्या खोलीत बसण्याची परवानगी. मे महिन्यात भंडाऱ्यात अशी परवानगी मिळालेला माणूस नशीबवान समजला जातो. आमचे प्रकल्प अधिकारी लांजेवार साहेब दुपारी जेवण झालं की 'संगणकाची प्रगती' पाहायला येत आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटून पाहत.

खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. कंपनीच्या माणसानं धूळ आत येऊ नये म्हणून हे सांगितलं होतं, पण एकदा चपला बाहेर निघाल्या की माणसाचे हात आपोआप जोडले जातात. पवनीकडचे एक सरपंच पडद्याला नमस्कार करून, माझ्याकडे वळून, मला काही न विचारता निघून गेले होते.

कार्यालयाचं नाव तलाव माहिती प्रकल्प. आमच्या जिल्ह्यात गाव तिथं तलाव. काही तर गावापेक्षा मोठे. प्रत्येक तलावाची पाळ किती लांब, पाणी सोडायचं तुडूम शाबूत की फुटलेलं, गाळ किती, खाली कोणाकोणाचं धान भिजतं, ही सगळी माहिती गावोगाव माणसं पाठवून कागदावर आणायची आणि मी ती संगणकात भरायची. मी सानगडीचा कापगते. आमच्या वाडवडलांनी टोपल्यांनी माती वाहून तलाव बांधले, पाळी घातल्या. मीही तलावच भरत होतो, फक्त पाण्याशिवाय. त्याबद्दल गावात माझा मान होता, कारण कोणाला काही कळत नव्हतं.

सुरक्षिततेचा विचार आमच्याकडे पहिल्या दिवसापासून झाला. परवलीचा शब्द काय ठेवायचा हे ठरवायला बैठक बोलावली. शब्द एकमतानं ठरला. बैठकीचं इतिवृत्त टंकलिखित झालं, त्यात तो शब्द ठळक आला, आणि प्रती सर्व विभागांना माहितीस्तव गेल्या. एक प्रत सूचनाफलकावर लागली. मी लांजेवार साहेबांना म्हटलं, "साहेब, हा शब्द गुप्त असावा लागतो." ते म्हणाले, "कापगते, तुम्ही उद्या बिमार पडले तं? गुप्त शब्द सगळ्याइले माहीत पाहिजे." हे इतकं व्यवहारी होतं की मी तो शब्द माझ्याही वहीत लिहून घेतला.

दाराशी लाठी घेऊन भैय्यालाल बसायचा. तो आमचा चौकीदार. वरठीच्या मालधक्क्यावर त्याची आधीची नोकरी झालेली, त्यामुळे जे काही आत जाईल आणि बाहेर येईल ते वजनात मोजायची त्याला सवय.

"साहेब, आत नेमकं काय ठेवलं आहे?" त्यानं एकदा विचारलं.

"माहिती."

"किती वजनाची?"

"वजन नसते तिले."

तो विचारात पडला. "मंग चोर घेऊन गेला तरी मले कसं कळंल?"

पुढं मी सुरक्षिततेवर बरीच इंग्रजी पुस्तकं वाचली. याहून नेमका प्रश्न मला कुठं सापडला नाही.

आता माझ्या पुढच्या वाटचालीबद्दल. मी नागपूरला बी.एस्सी. झालो, तिथंच दोन वर्षं संगणकाचा अभ्यासक्रम केला. बरोबरीची पोरं पुण्या-मुंबईला गेली आणि पत्रातून 'करिअर' हा शब्द लिहू लागली. आमच्या सानगडीत त्यासाठी एकच शब्द होता. लागला. "धनीरामचा पोरगा लागला का?" "लागला." इथं माणसाची प्रगती सुरू होते आणि इथंच संपते. मीही लागलो होतो, हंगामी का होईना, आणि गाव समाधानी होतं. मी नव्हतो. राज्याच्या मुख्य कार्यालयात, मुंबईला, सगळ्या जिल्ह्यांचे तलाव एकत्र करण्यासाठी एक जागा निघणार होती. कायमची. जूनमध्ये तिकडचे साहेब भंडाऱ्याला येणार, काम डोळ्यांनी बघणार आणि ठरवणार. लांजेवार साहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावून सांगितलं, "कापगते, तुमचंच नाव पुढं टाकलं आहे. मशीन फक्त त्या दिवशी चालली पाहिजे."

त्या दिवसापासून मी मुंबईत राहू लागलो होतो. शरीर तेवढं भंडाऱ्यात होतं.

मशीन कधीही बसू शकते हे मला माहीत होतं. आमच्याकडची वीज म्हणजे मनाची मालकीण. म्हणून संगणकाबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी सगळ्या माहितीची नक्कल फ्लॉप्यांवर काढली. फ्लॉपी म्हणजे तेव्हा पातळ, काळी, चौकोनी, मधोमध भोक असलेली तबकडी. पुस्तकात असंही लिहिलं होतं की ही नक्कल त्याच इमारतीत ठेवू नये. लिहिणाऱ्यानं आमची इमारत पाहिली असावी. अभिलेख खोलीत उदई, म्हणजे वाळवी, लागली होती, ती दरवर्षी एक तालुका खायची. फ्लॉप्यांचा दुसरा संच मागितला तर लेखा शाखेनं शेरा मारला की पहिला संच वापरून संपल्याचं प्रमाणपत्र जोडावं. आणि मूळ कागद म्हणावेत तर तेही नव्हते. माहिती संगणकात चढली की त्या त्या गावचे कागद लांजेवार साहेबांनी रद्दीत काढले होते. "मशीनमध्ये गेलं ना? मंग कागद कायले?" खोली मोकळी झाली, तिथं आता टेबल टेनिसचं टेबल होतं.

तेव्हा जिल्ह्यातले सगळे तलाव जगात दोनच ठिकाणी होते. एक, त्या थंड खोलीत. दुसरं, माझ्या पिशवीत.

पिशवी मी सानगडीला नेली. माझ्या ओळखीत वस्तू जपून ठेवण्यात मायचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मायचं नाव धुरपता. बाप मी शाळेत असतानाच गेला. तलावाखाली थोडी धानाची बांधी, ती बटईनं दिलेली, आणि घर. पण गावात तिची ओळख वेगळी होती. ती बियाणं राखायची. आपलं तर राखायचीच, शेजारची चार-पाच घरंही कार्तिकात धान निघालं की बियाण्याचा वाटा तिच्या ओसरीत आणून टाकत. तणसाच्या, म्हणजे धानाच्या काडाच्या, दोरीनं ती ते गुंडाळायची, निंबाचा पाला घालायची, राख लावायची, आणि पेरणीच्या आधी ऊन दाखवायची. तिच्या हातचं बियाणं उगवलं नाही असं कधी झालं नाही, आणि ती हे स्वतः कधी बोलत नसे. शेजारची चंद्रभागाबाई बोलायची. "धुरपताबाईच्या हाताले कीड भेते," असं ती कोणालाही थांबवून सांगे.

मी पिशवीतला डबा काढून मायच्या पुढ्यात ठेवला. तिनं एक फ्लॉपी बोटांच्या टोकांनी उचलली.

"हे काय होय बापू? कारे पापड?"

"बियाणं होय माय."

"मले येडी समजून राहिला का?"

"खरंच सांगतो. समज, औंदा सगळं धान बुडालं. पाण्यानं गेलं, किडीनं गेलं. मंग काय उरते?"

"बियाणं उरते. ठेवलं असंल तं."

"तसंच. भंडाऱ्याची मशीन बिघडली तरी याच्यातून सगळे तलाव पुन्हा निघते. हे आहे तोवर काही बुडत नाही."

तिनं फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. वासही घेतला. "आपला सानगडीचा तलाव बी आहे का याच्यात?"

"आहे ना."

तिनं ती कपाळाला लावली आणि म्हणाली, "मंग ठेव. तू चिंता नको करू."

नागपूरच्या वर्गात हा मुद्दा आम्हाला दोन तास शिकवला होता. मी तो ओसरीत बसून चार वाक्यांत समजावला. परतीच्या एसटीत मी स्वतःवर खूश होतो. शिकवण्याची हातोटी आहे आपल्याजवळ, असं मला साकोलीपर्यंत वाटत राहिलं.

मेच्या सुरुवातीला सगळी गावं भरून झाली. मी शेवटची नक्कल काढून सानगडीला ठेवून आलो आणि मग भंडाऱ्यातच राहिलो. मुंबईच्या साहेबांना काय काय काढून दाखवायचं याची तयारी करत होतो. एक कळ दाबली की पडद्यावर फुटलेल्या पाळींचे तलाव वेगळे निघत. भैय्यालालला मी ते दाखवलं. "बापा," तो म्हणाला, "आता दुरुस्तीच करा म्हणा त्याइले." तेवढं संगणकाला येत नव्हतं.

नवतपा सुरू झाला. मेअखेरचे आमच्याकडचे हे नऊ दिवस म्हणजे आभाळ तव्यासारखं होतं आणि कुत्रीही भुंकायचं पुढं ढकलतात. वीज जायची, यायची, अर्धवट यायची. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी ती अशीच अर्धवट आली आणि संगणकातून आवाज आला. भाताच्या गिरणीत खडा जावा तसा. मग तोही बंद झाला.

लांजेवार साहेब खुर्चीत जागे झाले. "काय झालं हो?"

"हार्ड डिस्क गेली साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे आतली सगळी माहिती गेली."

त्यांचा चेहरा उतरला. भैय्यालाल दारातून आत डोकावला. मी खुर्ची मागं सरकवली, उभा राहिलो आणि म्हणालो, "काळजी नको साहेब. बॅकअप आहे."

त्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं शिकलो होतो. ते बोलायची संधी सगळ्यांना मिळत नाही. लांजेवार साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नागपूरहून नवी डिस्क मागवली, ती आली, बसली. मुंबईचे साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते. मी सानगडीची गाडी धरली.

माय अंगणात सडा टाकत होती.

"आज कसा आला बापू? सुटी आहे का?"

"नाही. ते बियाणं पाहिजे."

तिचं तोंड उजळलं. "आली म्हणाची का तुयीही पेरणी? आण म्हणते तं आणतो." आणि ती आत गेली.

बाहेर आली ती बांबूची टोपली घेऊन. टोपलीवर तणसाची दोरी पक्की गुंडाळलेली. ती सोडवायलाच वेळ लागला. वर निंबाचा पाला होता. पाल्याखाली राख. राखेत हात घालून तिनं पहिली फ्लॉपी काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली.

फ्लॉपी वाकली होती. भाजलेल्या पापडाची कड जशी वर उचलते तशी.

"कागदाच्या पिशवीत होते एकेक," माय सांगू लागली. "घुसमटून राहिले होते. ते पिशव्या काढून टाकल्या. मंग कवलावर फडकं टाकून उन्ह दाखवलं. नवतपाचं उन्ह बापू, असं उन्ह बियाण्याले सापडत नाही. चंद्रभागा म्हणे, याले कायले वो उन्ह? म्हटलं, माह्या पोराचं बियाणं होय, त्याले नाही तं कोणाले?"

मी दुसरी काढली. तिसरी काढली.

"राख एकेकाले लावली. मधात ते भोक आहे ना, त्याच्यात बी घातली. पोकळ जागा राहिली का कीड तेथीच शिरते." ती माझ्याकडं बघत होती. "काहून? लागली का कीड?"

"नाही."

"पाह्य नीट."

मी नीट पाहिलं. "नाही लागली माय. एकालेही नाही."

हे खरं होतं.

"बरं ठेवलं ना?"

"बरं ठेवलं."

ती समाधानानं आत गेली आणि माझ्यासाठी भाकरी टाकली. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, पण तिनं दुसऱ्यांदा वाढलं आणि मी ते संपवलं. निघताना तिनं टोपली पुन्हा तशीच बांधून दिली, पाल्यासकट, वाटेत काही होऊ नये म्हणून.

भंडाऱ्याला मी दार लावून बसलो. रंगाच्या मऊ कुंचल्यानं राख झाडली, फ्लॉप्या जाड पुस्तकांखाली दाबून सरळ केल्या. संगणकात घातल्या की तो खाकरायचा. कुठं अर्ध्या तालुक्याची नावं निघाली, पाळींशिवाय. कुठं पाळींची लांबी निघाली, तलावांशिवाय. मग राखेनं वाचणारं यंत्रही घासलं गेलं आणि तेवढंही निघायचं थांबलं.

लांजेवार साहेबांना सांगावं लागलं. ते ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पण झालं कसं हो कापगते? तुम्ही तं घरी ठेवलं होतं."

"आणताना झालं साहेब. डबा एसटीच्या टपावर ठेवला होता. गाडी साकोलीला दुपारभर उन्हात उभी राहिली."

"टपावर? काहून टपावर?"

"आत जागा नव्हती."

"आणि ही राख?"

"रस्त्याची धूळ असंल."

भैय्यालाल दारात होता. टोपलीतून पडलेलं एक पान त्यानं वाकून उचललं, पाहिलं, आणि मला म्हणाला, "निंबाच्या झाडाखाली उभी असंल मंग गाडी."

"असंल," मी म्हणालो.

त्यानं पान खिशात घातलं आणि तो दाराशी जाऊन बसला.

मुंबईचे साहेब वरठीला रेल्वेतून उतरले, जीपनं आले, चपला काढून आत गेले. कोऱ्या पडद्यासमोर ते थोडा वेळ बसले. थंड हवेची त्यांनी तारीफ केली. माझ्याशी फार चांगलं बोलले. नक्कल एकापेक्षा जास्त ठिकाणी असायला हवी होती, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, उदाहरणासकट, आणि मी मान डोलावली. मुंबईची जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलाला मिळाली. त्याचे तलाव आमच्यापेक्षा कितीतरी कमी होते, पण होते. आमचा प्रकल्प महिनाअखेर बंद झाला. थंड हवेचं यंत्र लांजेवार साहेबांच्या खोलीत गेलं. मला साकोलीला एका कचेरीत टंकलेखकाची जागा मिळाली. हंगामी. टंकलेखन यंत्राला परवलीचा शब्द नसतो आणि ते वीज गेली तरी चालतं, एवढ्या दोन गोष्टी त्याच्या बाजूनं सांगता येतील.

गावात बातमी पोचायच्या आधी मी पोचलो.

"मुंबईचं काय झालं रे?" मायनं विचारलं.

"आली होती संधी. मीच नाही म्हटलं."

"काहून?"

"मले तेथचं पाणी पटत नाही."

मुंबईचं पाणी मी प्यालो नव्हतो. मायला ते माहीत होतं. तिनं तिच्या परीनं अर्थ लावला, आणि तो असा होता की पोरगा आपल्याला एकटं टाकून जाईना. पहिले काही दिवस ती या अर्थावर खूश होती. विहिरीवर तिनं तो चार बायांना सांगितला. चंद्रभागाबाईनं उरलेल्या गावाला सांगितला. रोवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या बाया मला सायकलवरून जाताना पाहत आणि आपापल्या पोरांची नावं घेऊन उसासे टाकत. मी एकाएकी मातृभक्त म्हणून लागलो होतो. कायमचा.

मग मायचं मन फिरलं. तिला ते बोचू लागलं.

"माह्यापायी तू असा साकोलीत खटखट करत बसला," ती जेवताना म्हणायची. "मी का आता लहान आहो? चंद्रभागा आहे, शेजारपाजार आहे. तू जा."

"आता जागा भरली माय."

"मंग दुसरी निघंल. तुये सायेब चांगले आहे म्हणतोस ना? त्याइले म्हण."

"म्हणतो."

मी म्हणत नव्हतो हे तिला कळत होतं. श्रावण असाच गेला. दर शनिवारी मी यायचो, दर शनिवारी ती मला मुंबईला पाठवायची, आणि रविवारी मी साकोलीला जायचो. एकदा वाटलं सांगून टाकावं. पण तिच्या ओसरीत शेजारच्या घरांचं उरलंसुरलं बियाणं अजून टांगलेलं होतं, आणि ती त्याच्याखाली बसून सुपात काही पाखडत होती. मी पंचांग वाचत बसलो.

भाद्रपदात मला कचेरीच्या कामानं भंडाऱ्याला जावं लागलं. जुन्या इमारतीत डोकावलो. भैय्यालाल अजून तिथंच होता, आता टेबल टेनिसच्या टेबलाची राखण करत होता. मला पाहून तो उठला आणि चहाच्या टपरीकडे घेऊन गेला.

"तुमची माय येऊन गेली, साहेब," तो म्हणाला.

"कुठं?"

"इथं. मागच्या बुधवारी. संगं एक बाई होती. लांजेवार साहेबासाठी शिंगाडे आणले होते, तलावातले. सरळ आत गेली. चपला दाराशी काढल्या."

त्यानं बशीत चहा ओतला, प्याला नाही.

"म्हणे, साहेब, माह्या पोराले मुंबईले धाडा. तो माह्यापायी राहिला. मी एकटी राहतो, मले काही होत नाही. हात जोडले तिनं. साहेबाले लय वाईट वाटलं. साहेब तं मनाचे चांगले आहे. त्याइनं तिले खुर्चीवर बसवलं."

"मग?"

"मंग साहेब म्हणे, बाई, तो तुमच्यापायी नाही राहिला. जीवाले लावून घेऊ नका. त्याचं काम उन्हानं गेलं. ते फ्लॉप्या उन्हात वाकल्या. तिनं विचारलं, ते काऱ्या पापडासारख्या? साहेब म्हणे, हो, त्याच. उन्ह चालत नाही त्याइले. धूर, धूळ, काहीच चालत नाही. आन राख तं एक चिमूट बी नाही."

टपरीवाल्यानं आम्हाला आणखी चहा हवा का विचारलं. भैय्यालालनं त्याला हातानं थांबवलं.

"साहेबाइनं तिले धीर द्यायले सांगितलं हो. म्हणे, तुमच्या पोराचा दोष नाही, एसटीच्या टपावर डबा राहिला, उन्हाचा दोष आहे. तिनं पाणी मागितलं. मी नेऊन देल्लं. थोडं पेली. मंग उठली."

"आणि?"

"मी गेटलोक पोचवून देल्लं. तेथी थांबली अन् मले विचारलं, भाऊ, टपावर होता का डबा? तुमी पाह्यला का?" त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "मी म्हटलं, हो बाई, पाह्यला. टपावरच होता."

"बरं केलं," मी म्हणालो.

"नाही साहेब. तिले पटलं नाही."

त्या शनिवारी मी घरी गेलो. मायनं पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तलाव भरल्याचं सांगितलं, चंद्रभागाबाईच्या म्हशीचं सांगितलं. भंडाऱ्याचं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मुंबईचं नाव तिनं त्या दिवशी घेतलं नाही, आणि त्यानंतरही घेतलं नाही. जेवण झाल्यावर मी सवयीनं खिशातलं घड्याळ, पेन आणि कचेरीची किल्ली तिच्यापुढं केली. मी झोपायला जाताना हे नेहमी तिच्याजवळ देत असे.

तिनं हात पुढं केला नाही.

"तुयाजवळच राहू दे," ती म्हणाली. "नाही तं तेथी आल्यात ठेव."

मी ते भिंतीतल्या आल्यात, कोनाड्यात, ठेवलं.

कार्तिकात धान कापून झालं, खळी लागली. त्या वर्षी पीक बरं आलं होतं. एका सकाळी चंद्रभागाबाई डोक्यावर पोतं घेऊन अंगणात आली आणि ओसरीत उतरवायला लागली. मी तिथंच दाढी करत बसलो होतो.

"घे वो धुरपताबाई. चांगलं निवडून आणलं आहे, पहिल्या कापणीचं."

माय आतून आली नाही. दारात उभी राहिली.

"औंदा तूच ठेव चंद्रभागा."

"मी? मले कुठी जमते?"

"जमते. पाला घाल न् बांधून ठेव."

"काहून वो? तब्येत बरी नाही का?"

"डोळ्यानं दिसत नाही आता."

चंद्रभागाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहत होतो. आदल्याच संध्याकाळी मायनं कंदिलाच्या उजेडात माझ्या सदऱ्याची गुंडी लावून दिली होती आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवला होता.

"बरं तं," चंद्रभागाबाई म्हणाली, पण गेली नाही. थोडा वेळ पोत्याला टेकून उभी राहिली, काही तरी चुकल्यासारखी. "अन् तुयं कोण ठेवंल?"

"पेरणीच्या वक्ती इकत आणीन," माय म्हणाली. "आता भेटते दुकानात."

मग बाकीच्या घरांतूनही एकेक जण आला आणि पोतं घेऊन परत गेला. माय प्रत्येकाला डोळ्यांचं सांगत होती. कोणी म्हटलं, साकोलीला चष्म्याचा डॉक्टर येते, पोराले म्हण. ती म्हणाली, म्हणतो.

मी दाढी संपवली, वाटी धुतली. माय अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि खडे काढू लागलो. तिनं सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. रविवारची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवून गेली. ती म्हणाली, "गाडी गेली तुयी." मी म्हणालो, "दुसरी आहे." आणि आम्ही खडे काढत राहिलो.